दिवाळी फराळाची गूगल जाहिरात कशी लिहावी

घरगुती फराळाला गूगल सर्चवरची जाहिरात चांगली लागू पडते, पण शब्द नेमके हवेत. मथळ्याला 30 अक्षरं मिळतात, वर्णनाला 90. शब्दांमधली मोकळी जागाही त्यात धरली जाते. मथळे 15 पर्यंत देता येतात आणि गूगल त्यांचा क्रम बदलत राहतं. म्हणून प्रत्येक मथळा एकटा वाचला तरी कळायला हवा. ‘आणि घरपोचही’ हा मथळा पहिला आला, तर काय घरपोच ते कळणारच नाही.

‘उत्कृष्ट चव, उत्तम दर्जा’ सगळेच लिहितात, त्यात जागा घालवू नका. ‘भाजणीची चकली, अर्धा किलो’, ‘कोथरूडमध्ये घरपोच’ असं लिहा. वर्णनात भाव, तेल कोणतं आणि ऑर्डरची शेवटची तारीख द्या. भावामुळे क्लिक घटतील, घटू द्या. पैसे क्लिकचे जातात, आणि भाव वाचून येणारा बहुधा घ्यायच्या तयारीनेच येतो.

पैशाची खरी गळती शोधशब्दांत होते, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी असं तुम्ही ठरवता त्यांत. नुसतं ‘चकली’ ठेवलं, की ‘चकली रेसिपी’ आणि ‘चकलीचा सोऱ्या’ शोधणारेही तुमच्या पैशाने आत येतात. रेसिपी, कृती, सोऱ्या हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्यांच्या यादीत) टाका, देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत.

ठिकाणाच्या सेटिंगमध्ये निवडलेल्या भागात नुसता रस असलेले लोकही आपोआप धरले जातात. पुण्याबाहेर माल पोचवत नसाल, तर फक्त तिथे असलेले लोक निवडा. पहिला आठवडा सर्च टर्म्सचा अहवाल, म्हणजे लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली त्याची यादी, रोज उघडा आणि नको ते शब्द लगेच निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका.