या चुका टाळा: हिमालयात डोकं दुखलं की त्याला पित्त म्हणू नका

हिमालयातला ट्रेक ठरला की सातारकरांचा सराव ठरलेला. पहाटे अजिंक्यतारा, रविवारी यवतेश्वरचा घाट. ज्यानं हिल मॅरेथॉन पळलीय, तो तर ग्रुपचा हिरोच. यातून दम वाढतो, पाय तयार होतात, पण विरळ हवेची सवय होत नाही. अजिंक्यतारा जेमतेम 1,000 मीटर, महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट 1,439. उंचीचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या पुढे सुरू होतो आणि तो तगड्या गड्यालाही सोडत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे पळणारा तर हमखास स्वतःवर ओढवून घेतो.

हिमाचलमधल्या हम्प्ता खिंडीच्या वाटेवर आमच्यातला एकजण जेवला नाही. "काय नाही हो दादा, पित्त झालंय." रात्री उलट्या. सकाळी कळलं की दुपारपासून डोकं ठणकत होतं. आपल्यामुळं सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून गडी गप्प बसला. ग्रुपमधली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इतक्या उंचीवर डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ, चक्कर, गळाठा किंवा अन्नावर वासना नाही, तर तो उंचीचाच त्रास धरा. पित्ताचं नंतर बघू.

चूक लीडरचीही असते. सगळ्यांसमोर "ओके ना?" विचारलं की कोरसमध्ये "ओके" येतं. संध्याकाळच्या चहाला एकेकाला बाजूला घेऊन विचारा. वर पोचल्यावर काही तासांनी त्रास सुरू होतो, म्हणून ही वेळ महत्त्वाची.

त्रास हलका असेल तर आहे तिथंच मुक्काम, पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती. डोकं पूर्ण उतरेपर्यंत वर जायचं नाही. त्रास वाढला तर 300 ते 1,000 मीटर खाली उतरायचं.

कापराची पुडी हुंगून तरतरी येते, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. उंचीचा त्रास टाळायच्या डायमॉक्स गोळीचंही तसंच अर्धवट ज्ञान. ही गोळी बहुधा चढाईच्या आदल्या दिवसापासून, 125 मिलिग्रॅम दोनदा, अशी देतात. पण डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं. थंडीत तंबूबाहेर पडायला नको म्हणून पाणी तोडू नका. दारू आणि झोपेची गोळी घरीच ठेवा.

रजा वाचवायला एक मुक्काम गाळणं हा आपला आवडता उद्योग. 3,000 मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. विमानानं थेट लेहला, म्हणजे 3,500 मीटरवर उतरलात तर पहिले दोन दिवस नुसतं लोळा.

बसल्या जागी धाप, खोकल्यातून गुलाबी फेस, बरळणं, किंवा टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालता न येणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. असेल तो ऑक्सिजन लावा आणि लगेच खाली न्या. "तू तंबूत थांब, येताना घेतो" हे तर अजिबात नाही. आजारी माणसाबरोबर कोण उतरणार, ती दोन नावं साताऱ्यातच, गाडीत बसायच्या आधी ठरवा. शिखराच्या पहाटे स्वतःहून कुणी हात वर करत नाही.