पावसात जास्वंद मरते ती मुळाशी साठलेल्या पाण्याने, चर आत्ताच काढा

मृग लागला की आपल्याकडे कोकणात सगळे जास्वंद लावायला धावतात आणि श्रावणात विचारतात पानं पिवळी पडून झाड का सुकलं. माझीपण एका पावसात तीन झाडं गेली. मी काय केलेलं, कातळात दीड फूट खड्डा मारून त्यात माती शेणखत भरून झाड लावलं, म्हणजे झाडाला टाकीच बांधून दिली की, चारी बाजूला दगड, पाणी जाणार कुठून? आपल्याकडे वर्षाचा अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो, मुळं त्यात कुजतात आणि वरून झाड कोमेजलेलं बघून आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं.

म्हणून कातळावर खड्डा नकोच. जांभ्या दगडाचे तुकडे पसरून त्यावर फूट-दीड फूट मातीचा उंचवटा करा आणि झाड त्यावर लावा. आधीच खड्ड्यात असेल तर उताराच्या बाजूने पहारीने कड फोडून चर काढा, भर पावसात भिजत काढावा लागला तरी काढा. आणि पागोळीखाली जास्वंद लावू नका, धार पडून माती धुपते नि मुळं उघडी पडतात. झाड मलूल दिसलं तर खोडाची साल नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर अजून वाचेल.

गणपतीला फुलं हवीत ना, मग छाटणी जूनमध्येच उरका. जास्वंदीला फूल नवीन फुटीवर येतं, फूट वाढून कळी धरायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे आषाढी झाली की कात्री ठेवून द्या. छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या टाकू नका, वीतभर तुकडा, खालचा काप डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) जरा खाली तिरका, खालची पानं काढून रेतीमिश्रित मातीत खोचा, महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. देशी लाल एकेरी पटकन लागते, हायब्रीड रंगीत जाती पावसात फार नाजूक, त्या कुंडीत लावून पडवीच्या कडेला उजेडात ठेवा.

खत म्हणाल तर शेणखत आणि चुलीची राख मूठभर. राखेत पालाश (पोटॅश) असतं आणि आपल्या आंबट मातीला ती मानवतेही. सुपरफॉस्फेटचा मारा मात्र करू नका, त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की झाडाला लोह घेता येत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

समुद्राजवळ घर असेल तर खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, पावसाने उघडीप दिली की पानांवर गोड्या पाण्याचा फवारा मारा.

पिठ्या ढेकूण (मिलीबग कीड) भर पावसात कमी असतो, खरा जोर ऑक्टोबरच्या उन्हात. शेंड्याला कापसासारखं पांढरं दिसलं आणि खोडावर मुंग्यांची रांग असली तर समजा सुरुवात झाली, कारण मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्याला राखतातही. तेवढा शेंडा कापून जाळा, मग निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी, आठवड्याने परत, संध्याकाळीच मारा.