बजेटच्या पानात आपला रस्ता कसा शोधायचा

मार्चमध्ये उमरेड तालुक्यातून पुतण्याचा फोन आला. "काका, आपला रस्ता बजेटात आला ना जी! साडेतीन कोटी. फाट्यावर बॅनरही लागलं." मागे फटाके फुटत होते. मी सव्वीस वर्षं लेखा शाखेत काढली, त्यामुळे 'मंजूर' हा शब्द कानावर पडला की माझा हात आधी चष्म्याकडे जातो. म्हटलं, "बाबू, बाब क्रमांक सांग, बजेटच्या यादीतला कामाचा नंबर." तो त्याला ठाऊक नव्हता.

रात्री त्यानं कामांच्या यादीतल्या पानाचा फोटो पाठवला. आमच्या गावाचं नाव, अंदाजित किंमत ३५०००, आणि शेवटच्या रकान्यात, यंदाची तरतूद: १. पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रुपये हजारांत'. म्हणजे साडेतीन कोटींच्या रस्त्याला यंदा एक हजार रुपये. फटाक्यांनाच त्याहून जास्त लागले असतील.

याला टोकन तरतूद म्हणतात. ती फसवणूक नव्हे. काम बजेटात नसेल तर त्याची पुढची कागदपत्रंच हलत नाहीत, म्हणून आधी दार किलकिलं करून ठेवतात. पण दार उघडलं म्हणजे जेवण वाढलं असं नाही. तेव्हा पान हातात आलं की पहिली नजर एककावर, दुसरी शेवटच्या रकान्यावर. किंमत सगळ्यात शेवटी वाचा, बॅनरवाले ती आधी वाचतात.

त्याही आधीचा प्रश्न म्हणजे रस्ता कोणाचा. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, तो राज्याच्या यादीत शोधू नका. हिरवं असेल तर राज्य महामार्ग. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे कागदावरचा 'प्रजिमा', सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, 'इजिमा' आणि 'ग्रामा', जिल्हा परिषदेकडे. एकाच रस्त्याचे दोन तुकडे दोन कार्यालयांकडे असणं आपल्याकडे काही नवल नाही. अशा एका तुकड्यासाठी पुतण्याला एका कार्यालयानं चार महिने उभं केलं आणि शेवटी सांगितलं, "हा आमचा नाहीच."

मग लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या खात्यावर टाकतात त्याचा क्रमांक. चार आकडी दोन शीर्षं पाठ करा: ३०५४ आणि ५०५४. दोन्ही रस्ते व पुलांचेच, पण ३०५४ महसुली खर्चाचं, म्हणजे मुख्यतः देखभाल-दुरुस्ती. ५०५४ भांडवली, म्हणजे नवं बांधकाम, रुंदीकरण, पूल. जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेला पैसा जातो तोही बहुधा याच दोन शीर्षांतून, म्हणून गावात 'तीस चोपन्नचं काम', 'पन्नास चोपन्नचं काम' असं ऐकू येतं. 'पंचवीस पंधरा'चं काम निराळं. २५१५ हे ग्रामविकासाचं शीर्ष, गावातल्या सिमेंट रस्त्यांना आणि नाल्यांना. विभाग खर्चासाठी विधानसभेकडे जी रक्कम मागतो तिला 'मागणी' म्हणतात. सार्वजनिक बांधकामाच्या मागण्या 'एच' अक्षरानं सुरू होतात, गृह विभागाच्या 'बी'नं. परिवहन हे गृह विभागात बसतं, म्हणून एसटी शोधायची तर बांधकामाच्या पुस्तकात डोकं खुपसू नका.

आता कायद्याचा भाग, जो लोक कंटाळवाणा म्हणून सोडतात. राज्याचा सगळा महसूल संविधानाच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे एकत्रित निधीत पडतो. तुम्ही गाडीचा कर भरला, पेट्रोलवर व्हॅट भरला, तो त्याच हौदात. 'गाडीचा कर भरतो, मग माझा रस्ता का नाही' हे भांडण चहाच्या टपरीवर शोभतं, हिशेबात नाही. हौदातून पैसा काढायचा तर आधी विधानसभेनं मागणी मंजूर करायची (अनुच्छेद २०३), मग विनियोजनाचा कायदा व्हायचा (अनुच्छेद २०४). मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं. विधान परिषदेचे आमदार चर्चा करू शकतात, मत देऊ शकत नाहीत. निवेदन कोणाला द्यायचं ते यावरून ठरवा.

वर्षाच्या मध्ये पैसा कमी पडला तर अनुच्छेद २०५ खाली पुरवणी मागण्या येतात. इथे आपण नागपूरकर नशीबवान. १९५३ च्या नागपूर करारामुळे एक अधिवेशन आपल्याकडे होतं, आणि डिसेंबरात सिव्हिल लाईन्समधल्या विधानभवनात पुरवणी मागण्यांचा गठ्ठा पहिल्या एक-दोन दिवसांतच मांडला जातो. त्या आठवड्यात शहर गाड्यांच्या ताफ्यांना शिव्या देतं, मी पुस्तक उघडून बसतो. आमदारांच्या मागे लागायचं असेल तर नोव्हेंबरात लागा. डिसेंबरात गठ्ठा छापून झालेला असतो.

कायदा झाला तरी पैसा एकदम सुटत नाही. वित्त विभाग टप्प्याटप्प्यानं निधी सोडतो, आणि तो 'बीम्स' या सरकारच्या ऑनलाइन बजेट प्रणालीवर दिसतो. तिथे तरतूद, वितरित निधी आणि खर्च हे तीन आकडे वेगळे वाचायचे. तरतूद भरघोस आणि वितरण तोकडं असेल तर ठेकेदार खडी टाकून पसार का झाला, ते कळतं. ३१ मार्चपर्यंत न वापरलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. शेवटच्या पंधरवड्यात मध्यरात्री डांबर का पडतं, त्याचं उत्तर यातच.

काही पैसा मात्र नाव लावून येतो. नागपुरात फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का अधिभार जातो तो मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी. २०२० मध्ये तो दोन वर्षं थांबवला होता, १ एप्रिल २०२२ पासून परत सुरू झाला. हा पैसा जातो आधी राज्याच्या तिजोरीत, मग पुढे. महापालिकेची 'आपली बस' तोट्यात चालते आणि तो खड्डा पालिकेला भरावा लागतो. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर २०१७ पासून राज्य जीएसटीची जी भरपाई देतं, तो पालिकेचा मोठा आधार. म्हणून मोरभवनच्या स्टँडवर बस आली नाही तर कधी कधी या भरपाईचा मुंबईतला आदेशही पाहावा लागतो.

एसटीचं गणित सोपं आहे. माझी वहिनी ७८ वर्षांची. गणेशपेठच्या स्टँडवरून उमरेडला ती फुकट येते-जाते, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना तशी सवलत आहे. वाहक तिला शून्य रकमेचं तिकीट देतो आणि ती ते पदराच्या गाठीत जपून ठेवते, का ते तिलाच ठाऊक. त्या शून्यामागची रक्कम महामंडळ सरकारकडे मागतं. महिलांच्या निम्म्या तिकिटाचंही तसंच, मार्च २०२३ पासून. सरकारकडून ही भरपाई लांबली की कर्मचाऱ्यांचा पगार लांबतो.

एवढं कळल्यावर पुतण्यानं माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. मी तीनच ओळी लिहून दिल्या: या बाब क्रमांकाला प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेला मिळाली; आजपर्यंत निधी किती वितरित झाला; कार्यारंभ आदेश दिला असल्यास त्याची प्रत. 'रस्ता कधी होणार' असं लिहू नका, तो प्रश्न आहे, माहिती नव्हे, आणि अर्ज तेवढ्यावरच परत येतो.

उत्तर सत्ताविसाव्या दिवशी आलं. मान्यता आहे, आदेश नाही, वितरित निधी निरंक. त्यानं ते उत्तर बॅनरच्या खांबालाच चिकटवलं आहे, आणि डिसेंबरच्या अधिवेशनात मुक्कामाला माझ्याकडे येतो म्हणतोय.