नवीन बो (धनुष्य) घेतला की नेम सुधारतो का? आधी हे तपासा

पोरगं मागे लागलंय म्हणून लगेच खिशात हात घालू नका, आधी ग्रुपिंग बघा, म्हणजे बाण एकमेकांच्या किती जवळ लागतात ते. 18 मीटरवर सहा-सहा बाण मारा, बाण एका जागी जमतायत पण मधे नाहीत तर साइट (बोवरची नेम धरायची खूण) सरकवा, झालं काम, एक रुपया लागत नाही. विखुरलेत तर अँकर बघा, म्हणजे दोरी दरवेळी हनुवटीला त्याच जागी टेकते का, कारण तिथे थोडं जरी हललं तरी 70 मीटरवर बाण भलतीकडेच जातो आणि ते कितीही महागडे लिंब्स (बोचे वरचे-खालचे वाकणारे हात) भरून काढत नाहीत.

खर्च करायचाच तर पहिले बाणांवर करा, तिथे हात आखडू नका. बाणाचा कडकपणा म्हणजे स्पाइन, तो तुमच्या पाउंडेजला (दोरी ओढायला लागणारा जोर, पाउंडमध्ये) आणि बाणाच्या लांबीला जुळायलाच हवा. दोन बाणांची पिसं काढा आणि पिसंवाल्या बाणांसोबतच मारून बघा. रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेला बो) उजव्या हाताने मारणाऱ्याचा बिनपिसांचा बाण बाकीच्यांच्या डावीकडे लागला तर तो कडक, उजवीकडे लागला तर मऊ. हे जुळलं की ग्रुप खरंच लहान होतो, डोळ्यांना दिसतो फरक!

मग बोटांच्या मापाचा फिंगर टॅब, म्हणजे दोरी ओढणारी बोटं वाचवणारा तुकडा. लिंब्स सगळ्यात शेवटी, आणि पाउंडेज दोन-दोन पाउंडनेच वाढवा प्लीज, लहान पोरांचे खांदे जपायला हवेत. लिंब्स बदलले की ब्रेस हाइट (ग्रिप ते दोरी अंतर), टिलर (वरच्या-खालच्या लिंबपासून दोरीच्या अंतरातला फरक), नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) सगळं परत सेट करा.