नाशिकबाहेर शिकायला जाताना : आधी कागद, मग कपडे

प्रवेशाची यादी लागली की बहुतेक घरांत पहिली खरेदी बॅगेची होते आणि मेन रोडच्या दोन-तीन फेऱ्यांत बादलीपासून उशीपर्यंत सगळे जमते. कागदपत्रांची आठवण मात्र निघण्याच्या आदल्या रात्री होते. हा क्रम उलटा करावा, असे मला मनापासून वाटते. बादली, हँगर, उशी या वस्तू पुण्यात, मुंबईत किंवा नागपुरात वसतिगृहाच्या आसपास मिळतात. आपल्या तहसील कार्यालयातून निघणारा दाखला मात्र तिथे मिळत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीबाबत आधी एवढेच पाहावे, की ती तिथे गेल्यावर मिळेल का. जी मिळणार नाही, तिच्यामागे निघण्याच्या महिनाभर आधीपासून लागावे.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय, राष्ट्रीयत्व व अधिवास दाखला आणि आधार कार्ड ही कागदपत्रे जवळजवळ सर्वांनाच लागतात. आरक्षित प्रवर्गातून प्रवेश घेणाऱ्यांना त्याखेरीज जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि प्रवर्गानुसार नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते. यातील नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे मागच्या वर्षी काढलेला दाखला यंदा चालेल असे गृहीत न धरता त्यावरची तारीख स्वतः वाचावी. केंद्रीय विद्यापीठात किंवा केंद्रीय संस्थेत जाणाऱ्या इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना केंद्राच्या नमुन्यातील वेगळा दाखला लागतो. राज्याचा दाखला हातात असल्याने निर्धास्त राहिलेली मुले इथेच अडतात. राज्याबाहेर जाणाऱ्यांकडे अनेक विद्यापीठे स्थलांतर प्रमाणपत्रही मागतात. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या ४ जिल्ह्यांसाठी राज्य मंडळाचे विभागीय कार्यालय नाशिकमध्येच आहे, तेव्हा हे काम इथे असतानाच उरकून घ्यावे.

शाळा सोडल्याच्या दाखल्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. प्रवेशाच्या वेळी महाविद्यालये बहुधा हा दाखला मूळ स्वरूपात जमा करून घेतात आणि शिक्षण संपेपर्यंत तो परत मिळत नाही. माझ्या भाचीने एकही झेरॉक्स न ठेवता तो देऊन टाकला आणि पुढे एका अर्जासाठी त्याची प्रत लागली तेव्हा तिला ऐन परीक्षेच्या आठवड्यात कार्यालयाच्या खिडकीपुढे तीन दिवस उभे राहावे लागले. म्हणून मूळ दाखला हातातून जाण्यापूर्वी त्याच्या ५-६ प्रती काढाव्यात, दोन प्रती साक्षांकित करून घ्याव्यात आणि सर्वच कागद नीट स्कॅन करून मोबाइलमध्ये तसेच ईमेलवर ठेवावेत. डिजिलॉकर या सरकारी ऑनलाइन कागदपेटीचे खाते उघडून आधार व गुणपत्रिका तिथे घ्याव्यात. विद्यापीठे आता मागतात तो एबीसी आयडी, म्हणजे मिळवलेले श्रेयांक ज्यावर जमा होतात तो क्रमांकही, तिथूनच तयार करता येतो. मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये, खांद्यावरच्या पिशवीत आणि स्वतःजवळ ठेवावेत; बाकावरच्या किंवा डिकीतल्या बॅगेत ते कधीही टाकू नयेत.

बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे का, हे शाखेत जाऊन पाहावे, कारण महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून मिळणारी शिष्यवृत्ती त्याच खात्यात जमा होते. नव्या गावी गेल्यावर मोबाइल क्रमांक बदलण्याचा मोह टाळावा, कारण आधार, बँक आणि प्रवेशाचे अर्ज यांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत असतात. वसतिगृहाच्या पावत्या आणि खोली भाड्याने घेतल्यास भाडेकरार जपून ठेवावा. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या योजनांच्या अर्जात राहण्याचा पुरावा द्यावा लागतो. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनीही भरायचे असते, आणि १८००-१८०-५५२२ हा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असावा.

डोळ्यांचा नंबर आणि दात निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत, चष्म्याची दुसरी जोडी करावी, आणि नियमित औषधे असतील तर महिनाभराच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठीही न्यावी.

कपडे जिथे जायचे तिथल्या हवेनुसार घ्यावेत. नाशिकची कोरडी थंडी आणि बेताचा उन्हाळा यांची सवय झालेल्या मुलांना मुंबईचा दमटपणा जड जातो; तिथे जाड जीन्स दोन पुरेत, सुती कपडे जास्त न्यावेत आणि चामड्याच्या बुटांना पावसाळ्यात बुरशी धरते हे ध्यानात ठेवावे. दिल्लीला जाणाऱ्यांनी इथला स्वेटर पुरेल असे समजू नये, पण जाड जाकीट मात्र तिथेच घ्यावे. सत्र बहुधा भर पावसात सुरू होते आणि वसतिगृहातले कपडे वाळायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून रोजच्या वापराचे ७-८ जोड हवेत. त्याहून अधिक कपाटात मावत नाहीत. अंथरूण म्हणून दोन सोलापुरी चादरी पुरतात. कपाटासाठी स्वतःचे भक्कम कुलूप मात्र अवश्य न्यावे, कारण वसतिगृहाच्या कपाटाला पुष्कळदा नुसता कडी-कोयंडा असतो.

खाऊ देताना घरच्यांचा हात सैल होतो आणि ते मी समजू शकतो. तरीही पावसाळी हवेत चिवडा मऊ पडतो आणि लाडवांना वास येऊ लागतो, म्हणून पहिल्या खेपेला पंधरा दिवसांपुरतेच द्यावे. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि निफाडकडचे मनुके घट्ट झाकणाच्या डब्यांत चांगले टिकतात. विजेची किटली किंवा शेगडी नेण्यापूर्वी वसतिगृहाचे नियम विचारावेत, कारण अनेक ठिकाणी त्या जप्त होतात.

प्रवासाचा विचार करून मगच बॅगांची संख्या ठरवावी. मुंबईला सामान घेऊन जाणाऱ्यांनी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस टाळलेली बरी, कारण पासधारकांच्या गर्दीत मोठ्या बॅगा चढवणे आणि ठेवणे दोन्ही कठीण होते. रेल्वेत स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ३५ किलो सामान विनाशुल्क नेता येते, तरीही विद्यार्थी एकट्याने उचलू शकेल एवढेच न्यावे. पुण्याचा रस्ता सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा सुमारे २१० किलोमीटरचा आहे आणि चाकणला वाहने तुंबतात, म्हणून पहाटे निघावे. बॅगेच्या आत प्लास्टिकचे अस्तर घालून मगच कपडे रचावेत. बसच्या डिकीत पावसाचे पाणी शिरते.

शेवटच्या महिन्यात मुलामुलींनी स्वतःचे कपडे स्वतः धुवावेत, कुकरमध्ये वरण-भात लावावा, तुटलेले बटण शिवावे आणि रोजचा खर्च वहीत लिहावा. परगावी ही कामे पहिल्यांदाच करण्यात जो वेळ आणि धीर खर्च होतो, तो अभ्यासाच्या सुरुवातीच्या दिवसांतून जातो.

निघण्याच्या दिवशी सर्व कागदांच्या प्रतींची दुसरी फाइल घरी ठेवावी. ती कोणत्या कपाटात, कोणत्या कप्प्यात आहे हे आईवडिलांना दाखवावे आणि एखादा कागद शोधून त्याचा नीट वाचता येईल असा फोटो व्हॉट्सॲपवर कसा पाठवायचा, हे त्यांच्याकडून एकदा करवून घ्यावे.