खाऱ्या हवेत जुन्या मॅटाडोरचे चालते घर कसे उभे करावे

कोकणात राहून जुन्या गाडीचे चालते घर करू पाहणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी: त्याचे निम्म्याहून अधिक श्रम मीठ आणि पाणी गाडीबाहेर ठेवण्यात खर्च होणार आहेत. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पाऊस ओसरला की समुद्रावरचा वारा पत्र्यावर मिठाचा बारीक थर बसवत राहतो. त्यामुळे घाटावर वर्षानुवर्षे धड राहिलेली गाडी इथे थोड्याच पावसाळ्यांत खालून चाळण होते. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत अशा जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांचा गोतावळा आहे. पुढे जे सांगतो आहे, ते एकमेकांच्या गाड्यांखाली आडवे होऊन आम्ही शिकलो आहोत.

गाडी कोणती घ्यावी

माझे मत मॅटाडोरच्या बाजूचे आहे आणि त्याला कारण आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बजाज टेम्पोची ही व्हॅन मूळ जर्मन आराखड्यावर बेतलेली असून तिच्या पुढच्या चाकांना चाल मिळते. इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट नसल्यामुळे तिची जमीन खाली आणि सपाट राहते, आणि आत उभे राहायला जागा हवी असणाऱ्याला हे वितीएवढे अंतर फार मोलाचे असते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात जीएमसी मोटरहोम बनवले, तेव्हा पुढच्या चाकांच्या चालीमुळेच त्यांनाही जमीन इतकी खाली ठेवता आली. ते उत्पादन सुमारे तेरा हजार गाड्यांवर थांबले, तरी त्यातल्या कित्येक गाड्या आजही चालतात, कारण मालकांनी एकत्र येऊन बंद पडलेले भाग पुन्हा घडवून घेतले. आपल्याकडे त्याच मार्गाने जायचे तर एक सोय आधीच झालेली आहे. पुढच्या काळातल्या मॅटाडोरमध्ये मर्सिडीज-बेंझच्या ओएम ६१६ या २.४ लिटरच्या डिझेल इंजिनाची परवान्याखाली बनवलेली आवृत्ती आली आणि तेच घराणे ट्रॅक्स व ट्रॅव्हलरमध्येही चालले, म्हणून इंजिनाचे भाग अजून मिळतात. दुर्मिळ झाले आहेत ते दारांचे पत्रे, काचांची रबरे, कुलुपे आणि पुढच्या धुऱ्याचे सांधे. असे सामान कोणाकडे आहे, हे ठाऊक असणारी माणसे ओळखीची झाल्याशिवाय गाडी घेऊ नये. ओळख करून घेण्याचा मार्ग सोपा आहे: ज्याचे काम चालू आहे, त्याच्याकडे दोन रविवार जाऊन गंज घासू लागावे.

पैसे देण्यापूर्वी

आधी कागद पाहावेत आणि मगच गाडी. नोंदणी पुस्तकातला चॅसिस क्रमांक चॅसिसवर ठोकलेल्या क्रमांकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडावा. तो गंजाखाली दडला असेल तर विकणाऱ्यासमोर घासून वाचावा. कर्जाचा बोजा उतरलेला आहे का, कर आणि पर्यावरण कर भरलेले आहेत का, हेही पाहावे. बहुतेक मॅटाडोर माल किंवा प्रवासी वाहतुकीसाठी नोंदलेल्या असतात. त्या खासगी वापराखाली आणण्यासाठी आणि आतली रचना बदलण्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी लागते, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल परस्पर करू देत नाही. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते आणि आपल्याला याच वाटेने जायचे आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये निघालेले व्हिंटेज नोंदणीचे नियम अनेकांना भुरळ घालतात. पण ती नोंदणी मूळ रूपात राखलेल्या गाडीसाठी असून अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, त्यामुळे चालत्या घराला ती उपयोगी नाही.

गाडी उन्हाळ्यात पाहू नये. मे महिन्यात प्रत्येक गाडी कोरडी आणि देखणी दिसते. आषाढ-श्रावणात, चांगली सर येऊन गेल्यावर पाहायला जावे आणि चालकाच्या पायाखालचे मॅट उचलून हात लावावा. पुढच्या काचेचे खालचे कोपरे, छताची पन्हळ, चाकांवरच्या कमानी आणि दाराखालचा उंबरा या चार ठिकाणी गंज आधी घर करतो. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक या जागांवरून फिरवावे. ते जिथे धरत नाही तिथे पत्रा संपला असून वर फक्त पुट्टी आहे. माझी पहिली गाडी मी हे न करता घेतली होती. नुकत्याच दिलेल्या रंगाखाली दोन्ही उंबरे पुट्टीने आणि पोत्याच्या कापडाने भरलेले निघाले, आणि त्या वर्षी ठेवलेला सगळा पैसा त्यातच गेला. इंजिन मात्र थंड असताना सुरू करून घ्यावे. सकाळपासून तापवून ठेवलेले इंजिन हीटर प्लगचे (थंड डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी ऊब देणाऱ्या भागाचे) आणि कॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधल्या दाबाचे) दोष लपवते.

पत्र्याचे काम

या कामाला दिवाळीनंतर हात घालावा आणि होळीच्या आत रंग पुरा करावा, कारण त्यानंतर हवेतली ओल पुन्हा वाढू लागते. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ थेंब होऊन जमू लागते त्या तापमानापेक्षा) किमान तीन अंश जास्त नसेल, तर रंग लावू नये असा रंगकामाचा सर्वमान्य दंडक आहे. किनाऱ्यावर पहाटे आणि संध्याकाळी तो बहुधा मोडतो, म्हणून रंगाचे तास सकाळी दहा ते दुपारी तीन एवढेच धरावेत.

सुरुवात धुण्याने करावी. गाडी खालून गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन दोन दिवस उन्हात वाळू द्यावी, कारण मीठ राहिलेल्या पत्र्यावर कितीही भारी प्रायमर मारला तरी त्याला आतून फोड येतात. मग आतले सगळे उतरवावे, प्रत्येक नटाची आणि पट्टीची पिशवी करून तिच्यावर जागा लिहावी आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी सोडावी, अल्टरनेटरच्या तारा काढाव्यात आणि डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावी.

सडलेला भाग कापूनच काढावा, यात तडजोड नको. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा डागून देण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते, पण दोन पत्र्यांच्या मधे ओल अडकून तिसऱ्या पावसाळ्यात दोन्ही जातात. चांगला पत्रा लागेपर्यंत मागे कापत जावे, अठरा गेजचा म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा तुकडा काठाला काठ भिडवून बसवावा, आणि पत्रा तापून वाकू नये यासाठी सलग न ओढता लांब-लांब अंतरावर टाके घेत वेल्डिंग पुरे करावे. उंबरा कापताना दाराच्या चौकटीला आतून आडवा पाइप तात्पुरता डागून घ्यावा; नाहीतर चौकट खाली बसते आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. आमच्या गोतावळ्यात उंबऱ्याचे आणि चाकाच्या कमानीचे साचे एकाने जाड पुठ्ठ्यावर कापून ठेवले आहेत. नव्या माणसाला ते मिळतात आणि त्याने सुधारणा केली असेल तर ती नोंदवून परत करायची असतात. जोड झाल्यावर तारेच्या ब्रशने घासून फॉस्फोरिक आम्लाचा गंजनाशक, मग इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग असा क्रम ठेवावा. पोकळ उंबऱ्यात आणि दाराच्या पोटात बारीक नळीने पातळ मेण किंवा घट्ट ग्रीस सोडावे, मात्र तळाशी असलेली पाणी जाण्याची भोके बुजवू नयेत. मी पाहिलेले निम्मे उंबरे बाहेरच्या पावसाने नव्हे, तर या बुजलेल्या भोकांमुळे गेलेले होते.

छत उंच करायचे असेल तर शहरातल्या बॉडी बांधणाऱ्यांपेक्षा बंदराजवळ फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांकडे जावे. हर्णै किंवा मिरकरवाडा यांसारख्या बंदरांच्या परिसरात ही विद्या रोजच्या पोटापाण्याची आहे आणि हे कारागीर पाणी कुठून शिरेल याचाच विचार आधी करतात. त्यांच्याकडून मी दोन गोष्टी घेतल्या. फायबर आणि पत्रा यांच्या सांध्यात पॉलियुरेथेनचे सीलंट भरावे, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही आणि पुन्हा दुरुस्ती करताना ते सहज निघतही नाही. दुसरे म्हणजे, ॲल्युमिनियमच्या पट्टीला पोलादी स्क्रू थेट लावू नये. खाऱ्या ओलीत दोन वेगळे धातू भिडले की ॲल्युमिनियम झिजू लागते, म्हणून मधे नायलॉनचा वायसर घालावा.

ब्रेक आणि टायर

हे काम थोडक्यात सांगतो, कारण ते जाणत्या फिटरकडूनच करून घ्यावे. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या बसवल्याशिवाय कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरू नये. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि घाटात तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल पोकळ जाते, त्यामुळे आपल्या हवेत ते दरवर्षी पावसाळ्यानंतर बदलावे. टायरवर आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक असतात. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांपलीकडचे टायर काढावेत.

आतली बांधणी

लाकूड कापण्यापूर्वी वजनाचा आराखडा करावा. चाल पुढच्या चाकांना असल्यामुळे मागे भार वाढला की पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या तांबड्या मातीच्या चढावर जागच्या जागी फिरू लागतात. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन. ती टाकी आणि बॅटरी पुढच्या आसनांच्या लगेच मागे, जमिनीलगत ठेवावी आणि मागच्या टोकाला अंथरूण-कपडे असे हलके सामान जावे. भारतीय मानक ७१० चे मरिन प्लायवूड वापरावे, कापलेली प्रत्येक कड रंगाने बंद करावी आणि कपाटाची पाठ पत्र्याला न चिकटवता दोन बोटे अंतर सोडावे.

उष्णतारोधक थराच्या बाबतीत माझी चूक वाचकाने टाळावी. मी भिंतींत काचलोकर भरून वर प्लायवूड ठोकले होते. रात्री आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमून त्या लोकरीत मुरत राहिली, आणि गौरी-गणपतीत कोपऱ्याला कुबट वास येऊ लागला म्हणून उघडून पाहिले तेव्हा नवा प्रायमर सोलून गंज सुरू झालेला होता. आता मी बंद पेशींचा नायट्राइल रबर फोम थेट पत्र्यावर, पोकळी न सोडता चिकटवतो. तो पाणी पीत नाही. त्याच्या जोडीला छतात एक पंखा आणि खाली हवा येण्याची झडप हवीच, आणि गादी फळ्यांच्या जाळीवर ठेवावी, म्हणजे तिच्या पोटाला बुरशी धरत नाही.

वीज आणि गॅस

घराची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीहून वेगळी असावी. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे १,२८० वॅट-तास साठतात. वीस वॅटचा पंखा दहा तास, दिव्यांना पन्नास वॅट-तास आणि निम्मा वेळ चालणारा ४५ वॅटचा लहान फ्रिज धरला, तर दिवसाला आठशेच्या आत भागते. सौर पट्टी जरूर बसवावी, पण जुलैत तिच्यावर विसंबू नये. तारा होड्यांत वापरतात तशा कथलाचा मुलामा दिलेल्या घ्याव्यात, कारण उघडे तांबे इथे हिरवे पडते, आणि बॅटरीतून निघणाऱ्या मुख्य तारेला बॅटरीजवळच फ्यूज द्यावा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली की तो जमिनीवर साचतो. पाच किलोच्या सिलिंडरला आतून पूर्ण बंद असलेले स्वतंत्र कपाट करावे आणि त्याच्या तळाला थेट रस्त्याकडे उघडणारे भोक ठेवावे. स्वयंपाक करताना एक खिडकी उघडी असावी आणि अग्निशामक दाराजवळ, बाहेरूनही हाती लागेल असा बसवावा.

पहिला फेरा

काम संपले की लांब जाऊ नये. जूनमध्ये, भर पावसात, घराजवळच दोन रात्री काढाव्यात आणि कुठे गळते ते खडूने खुणावून ठेवावे. त्यानंतर किनाऱ्याने जाताना दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटी लागतात. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र आणि शेवाळलेला असतो, गाडीचा मागचा भाग टेकतो आणि पुढची चाके घसरतात. म्हणून फेरीवरच्या खलाशांना पाण्याची वेळ विचारून भरतीच्या सुमारास चढावे. पुळणीवर गाडी कधीही उतरवू नये. मुक्कामाला जागेच्या मालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी आणि भांड्यांचे पाणी खाडीत न सोडता टाकीत साठवून परत आणावे.

परत आल्यावर त्याच दिवशी गाडी खालून धुवावी. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि बोअरवेल उन्हाळ्यात मचूळ होतात आणि तशा पाण्याने धुतलेली गाडी न धुतलेल्या गाडीसारखीच गंजते, म्हणून नळी लावण्याआधी ओंजळभर पाण्याची चव घेऊन पाहावी.