लॅम्प्स लायब्ररी म्हणून जोडताय? या चुका टाळा

सँडिया नॅशनल लॅबोरेटरीजमध्ये घडलेलं लॅम्प्स (LAMMPS) हे मॉलिक्युलर डायनॅमिक्सचं, म्हणजे अणूंच्या हालचाली कॉम्प्युटरवर गणिताने पुढे नेणारं, सॉफ्टवेअर बहुतेक जण टर्मिनलवरून, इनपुट फाइल देऊनच चालवतात. पण ते शेअर्ड लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडता येणारी फाइल) म्हणून बिल्ड करून आपल्या सी++ किंवा पायथन प्रोग्रॅममधूनही चालवता येतं. लिंकरने (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणाऱ्या टूलने) दिलेल्या एररची भीती बाळगू नका, ती निदान समोर तरी येते. जीव खातात त्या चुका, ज्यांत प्रोग्रॅम शेवटपर्यंत नीट चालतो आणि उत्तर मात्र चुकीचं येतं.

पहिली अडचण एमपीआयची, म्हणजे एकच काम वाटून घेणाऱ्या अनेक प्रोसेसना एकमेकांशी बोलू देणाऱ्या यंत्रणेची. चार प्रोसेसवर प्रोग्रॅम सुरू केला आणि स्क्रीनवर '1 बाय 1 बाय 1' अशी प्रोसेसर ग्रिड चार वेळा छापून आली, तर समजा की चारही प्रोसेस स्वतःला एकट्याच समजताहेत, तेच गणित चार वेळा होतंय. लायब्ररी एका एमपीआयवर बिल्ड झालेली असते आणि पायथनचं एमपीआय पॅकेज किंवा लाँचर दुसऱ्याचा असतो; कधी लायब्ररी मुळातच एमपीआयशिवाय बांधलेली असते. एलडीडी कमांडने लायब्ररी कोणत्या फाइलींना धरून आहे ते बघा. कोंडा या पॅकेज मॅनेजरमधून आलेली जुनी प्रतही तुमच्या ताज्या बिल्डच्या आधी सापडू शकते, म्हणून लायब्ररीचा पाथ तपासाच.

आता ज्या चुकीत माझे दोन दिवस गेले ती. द्रवरूप आर्गॉनच्या एका सलग रनमध्ये दर 10 स्टेप्सना कॉलबॅकमधून (रन चालू असताना लॅम्प्स बोलावतं त्या माझ्या फंक्शनमधून) अणूंच्या जागा घेत होतो. सतराव्या ओळीत सतरावा अणू, असं मी धरूनच चाललो होतो. आलेखात दर हजार स्टेप्सच्या आसपास तो अणू बॉक्सच्या भलत्याच कोपऱ्यात उडी मारायचा. आधी पोटेन्शियलवर (अणूंमधल्या बलांच्या सूत्रावर) संशय घेतला, मग टाइमस्टेपवर. शेवटी त्या हजाराच्या आकड्यानेच उलगडा झाला: वेग वाढावा म्हणून लॅम्प्स अणूंची मेमरीतली मांडणी जागेनुसार पुन्हा लावतं आणि त्याचा डीफॉल्ट अंतराल 1000 स्टेप्स आहे. ओळीचा क्रमांक ही अणूची ओळख नाही, ओळख म्हणजे आयडी. कॉलबॅकमध्ये आयडींची यादीही हातात येते, तीच वापरा. जागांच्या अ‍ॅरेचा एकदा घेतलेला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) पुढच्या रनसाठी जपून ठेवू नका, अ‍ॅरे मोठा झाला की तो दुसरीकडे हलतो. शिवाय त्या अ‍ॅरेत आपल्या प्रोसेसच्या अणूंनंतर घोस्ट अणूंच्या, म्हणजे शेजारच्या अणूंच्या प्रतींच्याही ओळी असतात, त्या मोजणीत धरायच्या नाहीत.

आयडीच्या क्रमाने सगळे अणू हवे असतील तर गॅदर फंक्शन आहे. त्यासाठी आयडी 1 पासून सलग हवेत, आणि ते फंक्शन प्रत्येक प्रोसेसने बोलवायला हवं. 'रँक (प्रोसेसचा क्रमांक) शून्य असेल तरच' अशा अटीत ते घातलंत की प्रोग्रॅम तिथेच अडकून बसतो, एररही देत नाही.

बाहेरून जागा बदलून पुन्हा रन देताना वेळ वाचवायला रन कमांडमध्ये 'प्री नो', म्हणजे सुरुवातीचा सेटअप गाळायचा पर्याय, लिहायचा मोह होतो. तो टाळा. सेटअप गाळला की बदललेल्या जागांवर जुनेच फोर्स वापरले जातात.

सी इंटरफेसमधून चालवत असाल तर प्रत्येक कमांडनंतर एरर आली का, हे स्वतः विचारा. नव्या आवृत्त्यांत लॅम्प्स चूक नोंदवून ठेवतं आणि ताबा तुमच्याकडे परत देतं. तुम्ही विचारलं नाही तर अर्धवट सेटअपवरच पुढचा कोड चालतो. पायथनमध्ये एक्सेप्शन येतं, तिथे हा त्रास कमी.

राहिली एककं. काहीच सांगितलं नाही तर लॅम्प्स 'एलजे' (लेनर्ड-जोन्स, मितिरहित) एककं धरतं. 'मेटल'मध्ये ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये आणि वेळ पिकोसेकंदात, तर 'रियल'मध्ये किलोकॅलरी प्रति मोल आणि फेम्टोसेकंद. एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे सुमारे 23.06 किलोकॅलरी प्रति मोल. माँटे कार्लोचा (यादृच्छिक चाली करून ऊर्जेनुसार त्या स्वीकारणाऱ्या पद्धतीचा) ड्रायव्हर तुम्ही लिहिलाय आणि त्यात बोल्ट्झमन स्थिरांक दुसऱ्या एककातला राहिला, तर कोणती चाल स्वीकारायची हा निर्णयच बिघडतो.

म्हणून जोडणी झाली की तीच इनपुट फाइल आधी सुट्या लॅम्प्सवर चालवा, मग तुमच्या प्रोग्रॅममधून, आणि शून्याव्या स्टेपची पोटेन्शियल एनर्जी दोन्हीकडे जुळते का ते बघा. ती जुळल्याशिवाय पुढचा कोड लिहायला घेऊ नका.